उखळाचा घास

एप्रिल महिना लागला आहे आणि गडहिंग्लजच्या बाजारामागच्या गल्लीत कुणी शिंकत नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या गल्लीत छायाक्का तेलसिंगेचा डंक होता. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. खाली लोखंडी उखळं, वर दांड्याने उचलून आपटणारी मुसळं. मुसळं तालात पडायला लागली की गल्लीच्या तोंडाशी बसणारा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून आधी वस्तरा उचलायचा आणि मग शिंकायचा. एखादा परगावचा माणूस डोळे पुसत विचारायचा, "कोण गेलं ओ इथं?" आणि सगळी गल्ली हसायची.

त्या वर्षी एप्रिल उजाडला आणि न्हावी बिनधोक दाढ्या करत बसला.

डंक धड होता, पण गिऱ्हाईक नव्हतं. छायाक्का सकाळी उखळं पुसायची, पट्टा ताणून बघायची आणि दारात स्टूल टाकून बसायची. समोरून बाया जायच्या. कुणाच्या डोक्यावर मिरचीची पाटी, कुणाच्या स्कूटरवर धण्याची पिशवी. "आक्का, बरं हाय न्हवं?" एवढं विचारून पुढं सरकायच्या. विचारताना छायाक्काच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, विजेच्या खांबाकडे बघायच्या. खांबावर सरकारचं नाक बसवलेलं होतं.

कागदोपत्री त्याचं नाव गंधमापक. करड्या रंगाची, टिफिनच्या डब्याएवढी पेटी. ती पहिल्यांदा आली तेव्हा कुणाच्या वाईटावर नव्हती. गॅसची गळती किंवा गटारातला विषारी वायू वेळेत कळावा म्हणून शास्त्रज्ञांनी ती केली होती. वास म्हणजे काय, तर त्या वस्तूचे हवेत उडालेले अगदी बारीक कण. ते आपल्या नाकात शिरले की मेंदूला निरोप जातो आणि आपण म्हणतो, हे धणे, हे रॉकेल. पेटीत नाकाच्या जागी हजारो सूक्ष्म टिकल्या होत्या आणि प्रत्येक टिकलीवर वेगळा लेप होता. एका वासाचे कण काही टिकल्यांना चिकटत, काहींना चिकटत नसत. ज्यांना चिकटले त्यांच्यातून जाणारी वीज किंचित अडे. कुठल्या टिकल्या अडल्या आणि किती अडल्या, यातून जी नक्षी तयार होई तिला ठसा म्हणत. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा तशी या ठशावरून वस्तू ओळखता येई. वारा कुठून आणि किती जोरात वाहतो ते ठाऊक असलं की वास देणारी वस्तू अंदाजे किती होती, याचाही हिशेब लागे.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की चोरून केलेला माल लपवता येतो, त्याचा वास लपवता येत नाही. कर खात्याने गावोगावच्या पेट्या, त्यांच्या स्मृतीतल्या जुन्या नोंदींसकट, आपल्या यंत्रणेला जोडून घेतल्या. पहिल्या वर्षी हातभट्ट्या सापडल्या, दुसऱ्या वर्षी भेसळीच्या तुपाचा कारखाना सापडला. लोकांनी वाहवा केली. छायाक्कानेही केली होती. आता तिसऱ्या वर्षी नोटीस तिच्याच नावाची आली.

सहा हंगाम तुम्ही कांदा-लसूण मसाल्याचं मोठं उत्पादन करून विकलंत, नोंदणी केली नाहीत, कर भरला नाहीत, असं नोटिशीत लिहिलं होतं. खाली आकडा होता. छायाक्काने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. आकडा तेवढाच राहिला. महिनाअखेर समाधानकारक खुलासा न झाल्यास डंकाला सील, हे शेवटचं वाक्य मात्र तिला एकदा वाचूनच कळलं.

पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, वकील बघ. असल्या कामात आपलं डोकं चालवायचं नसतं."

"वकील काय फुकट येतोय?"

"सील तरी काय फुकट पडतंय?"

लेकीचं बोलणं पटलं. दुसऱ्या दिवशी छायाक्का बसस्टँडसमोरचा जिना चढून इम्तियाज मुजावर वकिलांच्या ऑफिसात गेली. कराच्या भांडणात मुजावरांचं नाव कोल्हापूरपर्यंत होतं. पन्नाशीचा किडकिडीत माणूस. टेबलावर एका बाजूला कायद्याची पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला पित्ताच्या औषधाची गुलाबी बाटली.

त्यांनी नोटीस वाचली. "आक्का, एवढी चटणी तुमच्या डंकावर झाली, हे खरं आहे?" आमच्या भागात त्या लाल मसाल्याला चटणीच म्हणतात.

"झाली की. जास्तच झाली आसंल. वळवाचं वारं सुटलं की त्या नाकाला धड वास येत नसंल."

मुजावरांनी डोळे मिटले. "हे माझ्यापाशी बोललात ते बोललात. बाहेर बोलू नका."

"पण त्यातली माझी किती? माझ्या घरापुरती. बाकी मिरची त्यांची, धणं त्यांचं, ख्वाबरं त्यांचं. मी निस्ती कांडणावळ घेते."

"मग सोपं आहे. दहा बाया उभ्या करा. आमचा माल आम्हीच कांडून आणला, एवढं सांगू देत."

मुजावरांनी आपल्या पडद्यावर खात्याची फाईल उघडली होती, ती वाचता वाचता त्यांचं बोट एका पानावर थांबलं. नोटीस काढण्याआधी खात्याने गावातल्या घराघरांत फोनवर दोन प्रश्न विचारले होते. तुमच्या घरचा मसाला कुठून आला, आणि त्यात काय काय आहे? उत्तरं ओळीने लिहिलेली होती. छायाक्काकडचा. छायाक्काकडचा. छायाक्काकडचा. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकींनी सांगितलं होतं, ते छायाक्कालाच म्हाईत.

"आक्का, ह्या सगळ्या बाया तुमच्यावर उलटल्यात की."

महिन्यात पहिल्यांदा छायाक्काला हसू आलं. "उलटल्या न्हाईत ओ वकीलसाहेब. लपवाय गेल्या."

मग तिने समजावून सांगितलं. गडहिंग्लजात बाई दागिने कुठं ठेवलेत ते सांगेल, पण चटणीत काय घातलंय ते सांगणार नाही. कुणाच्या चटणीत दगडफूल जरा जास्त, कुणी तीळ तेलात भाजतं, कुणी कोरडे, कुणी असं काही घालतं की नवऱ्यालाही ठाऊक नसतं. सासू मरताना सुनेच्या कानात सांगते, तोवर सांगत नाही. अशा बायांना फोनवरून परका आवाज विचारतो, त्यात काय काय आहे? प्रत्येकीला वाटलं, आपण आपलं घर झाकू. छायाक्काचं नाव सांगितलं की प्रश्न मिटला. दीडदोनशे घरांनी एकाच माणसाच्या पदराआड आपलं गुपित झाकलं आणि त्या ओझ्याने पदर फाटला.

"आता तोंड दाखवायला लाजत्यात. आणि डंकावर आल्या तर नाक बघंल म्हणून भितातबी," ती म्हणाली.

"पहिलं उत्तर कांचन तेलसिंगे. ही कोण?"

"माझी जाऊ," छायाक्का खाली बघून म्हणाली. "भिंतीपल्याड राहती."

मुजावरांनी पेन टेबलावर आपटलं. "आता उत्तर फिरवायचं तर प्रत्येकीने नुसतं माझा माल म्हणून भागणार नाही. खातं म्हणेल, तुझा आहे तर सांग त्यात काय आहे. लेखी द्यावं लागेल. तुम्ही जाऊन बायांना समजवा."

"मग ऱ्हाऊ दे."

"काय राहू दे?"

"माझ्या सासूनं मला डंक दिला तवा एकच गोष्ट सांगितली. पाटी वतताना पाटीत बघायचं न्हाई, पट्ट्याकडं बघायचं. तीस वर्सं मी पट्ट्याकडं बघते. बायांनी घरचं गुपित माझ्या उखळात टाकलं ते त्या भरवशावर. डंक वाचवाय तेच गावापुढं उघडं केलं, तर मग डंक ठिवून करू काय?"

मुजावर गुलाबी बाटलीतून टोपणभर औषध प्यायले.

"तुमची फी?" तिने विचारलं. "जिंकलासा तर दुप्पट दीन."

"वकिलाची फी जिंकण्यावर नसते आक्का, कामावर असते. कायद्यानेच तसं आहे. डंक बघायला उद्या येतो."

"चटणी दिली तर चालंल?"

"चटणीचा वास आला तरी मला रात्रभर झोप नसते," मुजावर म्हणाले. "आणि नशिबात तुमची केस."

ते खरंच आले. नाकाला ओला रुमाल बांधून, पोस्टमार्टेमला आल्यासारखे. छायाक्काने मुसळं रिकामीच चालवून दाखवली. एकीची कांडणी झाली की कुंच्याने उखळ झाडायचं, नाहीतर पहिलीची चटणी दुसरीच्या चटणीत मिसळते. झाडून निघालेली मूठभर चटणी कुणी परत नेत नाही. ती कोपऱ्यातल्या चिनी मातीच्या मोठ्या बरणीत पडते. तिला उखळाचा घास म्हणतात. गावात घरोघर उखळं होती तेव्हापासूनची ही रीत.

"या बरणीतल्याचं काय करता?"

"गल्लीतली पोर लग्न हून सासरला निघाली की डबीभर बांधून देते. बाहेरची सून आली की तिलाबी देते. कुणाच्या तोंडाची चव गेली आसंल, त्याला देते. समद्या घरांची मिळून झालेली चटणी ती. परक्या मुलखात पोरीला एका घराची आठवण ईत न्हाई, गल्लीची येती."

"आणि विकता?"

छायाक्काच्या कपाळाला आठी पडली. "घास विकायचा असतो का?"

मुजावरांनी कपाळावर हात मारला. नोटिशीतली सगळ्यात अवघड ओळ हीच होती. पुण्यात, हुबळीत, सुरतेत, जागोजागच्या पेट्यांना एकच ठसा सापडला होता. खात्याचं म्हणणं, तेलसिंगे यांचा व्यापार परराज्यात पसरला आहे. गल्लीच्या पोरी ज्या ज्या गावी नांदत होत्या, तिथं तिथं त्यांच्या फोडणीचा वास खांबावर पोचत होता.

त्यांनी बरणीचं झाकण उघडलं आणि रुमालासकट इतके शिंकले की चष्मा उखळात पडला. चष्मा काढून देताना छायाक्का म्हणाली, "झोप यील तुम्हास्नी आज?"

डोळ्यांतून पाणी गळत असतानाच त्यांनी विचारलं, "आक्का, दोन घरांची चटणी कधी सारखी असते?"

"सख्ख्या भणींची नसती."

मुजावर दारात जाऊन उभे राहिले आणि खांबावरच्या पेटीकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले, की न्हावीही दुकानातून बाहेर येऊन तिकडेच बघायला लागला.

"हे नाक तुमच्याहून तिखट," ते म्हणाले. "त्याला प्रत्येक कांडणीचा ठसा वेगळा कळत असणार. कळलेलाच असणार. पण खात्याच्या तक्त्यात रकाना एकच, मसाला. त्यांनी त्याला विचारलं, किती? कुणाची, हे विचारलंच नाही. आता ते आपण विचारायचं."

त्यांनी अर्ज केला. पेटीच्या मूळ स्मृतीतले सहा हंगामांचे ठसे समोर आणा आणि सुनावणी डंकावरच घ्या. गावातल्या बाया घरची चटणी डब्यात आणतील. डब्यावर नाव नाही, नुसता क्रमांक. आत काय आहे हे कुणी विचारायचं नाही. यंत्राने एवढंच सांगायचं, की हा ठसा आधी कधी डंकावर उमटला होता का. व्यापारी असेल तर त्याचा माल रोज एकच निघेल. इथं दर तासाला ठसा बदलत असेल आणि तेच ठसे वर्षानुवर्षं त्याच त्या घरांतून निघत असतील, तर माल ज्याचा त्याचा.

अर्ज मंजूर झाला. बाया यायला हव्या होत्या.

छायाक्का सगळ्यांत आधी भिंतीपलीकडे गेली. आव्वा, म्हणजे दोघींची सासू पार्वतव्वा, गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं आणि मधे भिंत घातली. त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. दोघींचे नवरे आता हयात नव्हते, भिंत होती. येणंजाणं सणासुदीपुरतं. कांचनच्या चटणीची गावात ख्याती होती. ती म्हणायची, माझ्या निपाणीच्या आईची रीत आहे, तेलसिंग्यांच्यात असली चटणी कुणाला जमली न्हाई.

कांचनने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली.

"नाव लिहायचं न्हाई, काय घातलंय सांगायचं न्हाई," छायाक्का म्हणाली. "निस्ता डबा आणून ठिवायचा."

"त्या नाकाला तोंड न्हाई असं कुणी सांगितलं तुला? आज वास घील, उद्या बोंबलंल."

"पहिलं उत्तर तूच दिलंस कांचन. माझं नाव पहिल्यांदा तू घेतलंस."

"मग कुणाचं घिऊ? शेजारी तूच हाईस!" कांचन फणकारली. मग तिचा आवाज उतरला. "आक्का, दुसरं काय बी माग. चटणी न्हाई मी द्याची."

दार लागलं. छायाक्काला डंकाच्या सीलापेक्षा ते दार जास्त लागलं.

बाकीच्या बाया मात्र मनातून कधीच्या वाट बघत होत्या. आपण त्या बाईला बुडवलं, हे प्रत्येकीला कळत होतं, बाहेर यायला वाट नव्हती. डब्यावर नाव नाही म्हटल्यावर वाट झाली. न्हाव्याच्या बायकोने सगळ्यांत आधी हो म्हटलं आणि दोन दिवसांत ती गल्लीभर सांगत सुटली, की जी येणार न्हाई तिची चटणी इकतची समजायची. मग कोण मागे राहतंय?

सुनावणीच्या दिवशी करमापन अधिकारी रणदिवे तोंडावर जाड मुखपट्टी लावून आले. नेमस्त, जरा दमलेला माणूस. सोबत एक तंत्रज्ञ बाई होत्या, त्यांच्या हातात खांबावरच्या पेटीचंच लहान भावंड. टेबलावर स्टीलचे डबे मांडले होते, सगळे एकाच दुकानातून आणलेले, म्हणजे डब्यावरूनही घर ओळखू नये. बाया भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या आणि आपला डबा कुठला हे कळू नये म्हणून मुद्दाम दुसऱ्याच डब्याकडे बघत होत्या.

पहिला डबा उघडला. यंत्र क्षणभर थांबलं. तंत्रज्ञ बाईंनी वाचलं, "हा ठसा सहाही हंगामांत, दरवर्षी एकदा. एप्रिलचा दुसरा आठवडा."

दुसरा डबा. "हाही. दरवर्षी एकदा. मेच्या सुरुवातीला. पहिल्याशी जुळत नाही."

तिसरा, चौथा, दहावा. एकही दुसऱ्याशी जुळेना आणि प्रत्येकाची आपापली जुनी कांडणी सापडे. "ह्यात एका वर्षी ठसा थोडा बदललाय," एका डब्याला तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, तेव्हा ओळीतली एक म्हातारी पुटपुटली, "त्या साली सून नवी होती." आणि मग जीभ चावली. रणदिवेंनी ऐकलं नाही असं केलं.

बरणी पुढे आली. यंत्राला तिथं वेळ लागला. वास एकमेकांत मिसळले तरी प्रत्येकाची नक्षी पुसून जात नाही. एकावर एक रांगोळ्या काढाव्यात तशी ती एकात एक गुंतते, आणि सुट्या रांगोळ्या आधीच ठाऊक असतील तर यंत्राला गुंता सोडवता येतो. शेवटी तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "सर, पुण्याचा, हुबळीचा, सुरतेचा ठसा हाच आहे. पण हा एक मसाला नाही. टेबलावरचे बहुतेक सगळे डबे यात आहेत. थोडे थोडे."

मुजावरांनी घासाची रीत सांगितली. रणदिवेंनी लिहून घेतलं. छायाक्काच्या छातीवरचं ओझं हलकं होऊ लागलं.

"शेवटी मालकिणीच्या घरचा मसाला," रणदिवे म्हणाले. "तो इतर कुणाच्या घरी निघाला नाही, की झालं."

छायाक्काने आपला डबा ठेवला. यंत्राने ठसा घेतला. टेबलावर कुठंही जोड नव्हती. रणदिवे पेन उचलणार, तेवढ्यात दारात कांचन दिसली. चालत येऊन दमल्यासारखी, भिंत तर एकच होती मधे. तिने पदराआडून डबा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझाबी घ्या. उगं गावात बोल नको."

तिला बघून छायाक्काचा चेहरा उजळला आणि पुढच्याच क्षणी पडला. तिने हात पुढं केला, जणू डबा मागे घ्यावा. पण झाकण उघडलं गेलं होतं.

यंत्र या वेळी मुळीच थांबलं नाही. "हा ठसा आणि मालकिणीच्या घरचा ठसा," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "एकच आहे."

रणदिवेंनी पेन बाजूला सारलं. "मुजावर, याचा अर्थ तुम्हाला कळतो. मालकिणीचा मसाला दुसऱ्या घरात. म्हणजे विक्री. एक विक्री सिद्ध झाली तर बाकीच्यांवरही मला परत विचार करावा लागेल."

मुजावरांनी छायाक्काकडे बघितलं. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. छायाक्काला ठाऊक होतं. तोंडातून एक वाक्य काढलं असतं तर डंक वाचला असता. ती पट्ट्याकडे बघत उभी राहिली.

ते कांचनने पाहिलं.

"साहेब, ही मला काय बी इकत न्हाई," ती म्हणाली. आवाज गल्लीला ऐकू जाईल असा चढला. "ती आमच्या सासूची चटणी हाय. आव्वाची. तिनं थोरलीच्या कानात सांगितली तशी माझ्याबी कानात सांगितली. दोघींस्नी वेगवेगळं बोलावून. भांडून वाटा घेतला, भिंत घातली, मग मी कुठल्या तोंडानं म्हणू तेलसिंग्यांची चटणी करते म्हणून? निपाणीची म्हणून सांगत आले. चूल वेगळी केली साहेब, चटणी कुठनं वेगळी करू?"

ओळीतल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. निपाणीची चटणी म्हणून जिचं कौतुक करत जेवल्या होत्या, ती.

रणदिवेंचा स्वर मऊ झाला, तरी ते म्हणाले, "बाई, मला पटतं. पण पुरावा?"

मुजावर खुर्चीतून उठले. आता त्यांचं काम होतं. "पुरावा यंत्रात आहे साहेब. विचारा, हा ठसा एका हंगामात डंकावर किती वेळा उमटतो? मालकीण विकत असती तर एकदाच कांडून दोन डबे भरले असते."

तंत्रज्ञ बाईंनी विचारलं. उत्तर वाचताना त्यांनाही हसू आवरेना. "दरवर्षी दोनदा, सर. दोन वेगळ्या दिवशी. दुसऱ्या वेळी तर भर दुपारी, जेव्हा डंकावर आधी आणि नंतर कुणाचीच कांडणी नाही."

"उन्हाचं कोण नसतं म्हणून यायची मी," कांचन म्हणाली.

रणदिवेंनी मुखपट्टी काढली, कदाचित आदेश स्पष्ट ऐकू जावा म्हणून, आणि पहिल्याच शब्दाला शिंकले. गल्ली हसली. ते पण हसले. नोटीस मागे घेतली, कांडणावळ करपात्र मर्यादेच्या आत आहे, प्रकरण बंद, असं त्यांनी तिथंच सांगितलं आणि लेखी हुकूम आठवड्यात पाठवतो म्हणाले.

"आणखी एक विनंती," मुजावर म्हणाले. "ठशातून आतले जिन्नस शोधता येतात, हे मला ठाऊक आहे. ते शोधू नयेत आणि हे ठसे या प्रकरणाबाहेर वापरू नयेत, असं हुकमात यावं."

रणदिवेंनी मान डोलावली. "माझ्या आईचाही एक मसाला आहे. ऐंशीची झाली, अजून सांगत नाही. यंत्राकडून कळला तर ती मला घरात घेणार नाही." त्यांनी ते वाक्य वगळून बाकीचं लिहून घेतलं.

गर्दी पांगली. मुजावरांनी आपलं बिल काढून दिलं, ठरल्याप्रमाणे कामाचं, एका पैशानेही जास्त नाही. छायाक्काने ते पदराला बांधलं आणि बरणीतून एक डबी भरून त्यांच्यापुढे धरली.

"आक्का, माझं पित्त..."

"खाऊ नका. घरात ठिवा. लेकीचं लगीन झालं की तिला द्या."

मुजावरांनी डबी हातभर लांब धरून नेली. न्हाव्याच्या दुकानापाशी पोचेपर्यंत ते दोनदा शिंकलेले ऐकू आले.

डंकात दोघीच उरल्या. कांचन उखळाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"तुला म्हाईत होतं," ती म्हणाली. "आधीपासनं."

"मी पट्ट्याकडं बघते."

"बघतीस खरं."

"डोळं पट्ट्याकडं ठिवते गं. नाक कुठं ठिवू?"

कांचन हसली, मग हसता हसता डोळे पुसले. मिरचीचा पत्ता नव्हता अजून, तरी पुसले. "मग बोलली का न्हाईस कधी?"

"तुला सांगायचं आसंल तवा सांगशील म्हटलं. आव्वानं दोघींस्नी सांगितली, ते मात्र मला आज कळलं. मी समजत होते, तू माझ्या फडताळातनं वास घिऊन शिकलीस."

"आई गं! चोर समजत होतीस मला इतकी वर्सं?"

"हुशार समजत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कांचन आली ती भर बाजाराच्या वेळेला, डोक्यावर मिरचीची पाटी घेऊन, सगळ्यांच्या देखत. मागे बायांची ओळ लागली होती. पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत. छायाक्काने आपल्या घरची पाटीही आणून ठेवली होती.

"पहिली कुणाची घिऊ?" छायाक्काने विचारलं. "वेगवेगळी कांडू?"

"आता कशाला वेगळी? साऱ्या गावाला कळलंय."

छायाक्काने दोन्ही पाट्या एकाच उखळात ओतल्या. मग बटण दाबलं. मुसळं वर गेली, खाली आली, ताल धरला. लाल धूळ उठून दारातून गल्लीत गेली. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा उचलला.

खांबावरच्या नाकाने त्या हंगामात तो ठसा एकदाच नोंदवला.